दोन गुलाबराव, एक मतदारसंघ

असोदा जळगाव शहराच्या इतकं लगत आहे की बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं शहरात. मतदान मात्र जळगाव ग्रामीणमध्ये. थंडीत इथल्या मळ्यांत भरीत पार्ट्या रंगतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जातात, सोलून ठेचली जातात, आणि कळण्याच्या पुऱ्या येईपर्यंत गप्पा हमखास आमदारकीवर जातात. त्या गप्पांत नुसतं 'गुलाबराव' म्हणून भागत नाही. कोणते, ते सांगावं लागतं.

पाळधीचे गुलाबराव पाटील हे पानटपरीवरून पुढे आलेले शिवसैनिक. 1999 आणि 2004 साली ते जुन्या एरंडोल मतदारसंघातून निवडून आले. मतदारसंघांची फेररचना झाली, जळगाव ग्रामीण तयार झाला आणि 2009 च्या पहिल्याच लढतीत राष्ट्रवादीच्या गुलाबराव देवकरांनी त्यांना पाडलं. देवकर राज्यमंत्रीही झाले. तिथून पुढे या दोघांची गोष्ट एकमेकांना बांधलेली आहे.

देवकरांच्या मागे लागलं ते घरकुल प्रकरण. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात गरिबांसाठी हजारो घरं बांधायला घेतली. ठेकेदाराला आगाऊ पैसे गेले, घरं मात्र मोजकीच उभी राहिली. 2006 साली गुन्हा नोंदला गेला. मार्च 2012 मध्ये जळगावचे नेते सुरेशदादा जैन यांना अटक झाली, त्यानंतर दोनच महिन्यांनी देवकरांना. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी धरलं. जैनांना सात वर्षांची शिक्षा आणि 100 कोटींचा दंड झाला, देवकरांना पाच वर्षांची शिक्षा.

इथे कायद्याची एक खुबी कळून घ्यायला हवी. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 नुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की माणूस अपात्र होतो. शिक्षेचा काळ अपात्र, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. आमदार-खासदारांना अपिलाच्या आडोशाने खुर्ची टिकवण्याची जी सवलत होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काढून घेतली. नुसता जामीन मिळून उपयोग नसतो. दोषी ठरवण्यालाच वरच्या न्यायालयाची स्थगिती लागते. म्हणून 2019 च्या विधानसभेत देवकर रिंगणात नव्हते. 2024 मध्ये ते पुन्हा उभे राहिले.

पाटलांचा वाद कोर्टातला नाही, माईकवरचा. सभेत ते बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतला माणूसही उठून जात नाही, आणि तीच जीभ त्यांना अडचणीत आणते. डिसेंबर 2021 मध्ये बोदवडच्या प्रचारात एकनाथ खडसेंना आव्हान देताना त्यांनी आपल्याकडच्या रस्त्यांना हेमामालिनीच्या गालांची उपमा दिली. महिला आयोगाने दखल घेतली, तेव्हा मंत्री असलेल्या पाटलांनी माफी मागितली. उपमा बाईच्या अपमानाची होती, आणि वर शिळीही. असंच वाक्य लालूप्रसादांच्या नावावर कित्येक वर्षं फिरतंय. 2024 मध्ये त्यांनी आपल्याच सरकारच्या अर्थ खात्याला नालायक म्हटलं. ते मात्र पुष्कळ सरपंचांना मनातून पटलं असावं. फायली परत येण्याचा अनुभव त्यांनाही आहेच.

शिवसेनेतल्या 2022 च्या बंडात ते एकनाथ शिंदेंसोबत गेले, तेव्हा संजय राऊतांनी त्यांची पानटपरी काढली. टोमणा उलटला. पाटलांनी विधानसभेत टपरीचाच अभिमान मिरवला, आणि ज्या भागात निम्मी तरुण पोरं टपरीच्या बाकड्यावर बसतात तिथे ते चालून गेलं. पाणीपुरवठा खातं त्यांच्याकडे असताना खुद्द मतदारसंघातल्या धरणगावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रश्न कितीतरी जास्त टोचणारा होता. तो विचारला गेला, पण टपरीएवढा गाजला नाही.

आता आकडे बघा. 2014 मध्ये पाटलांनी देवकरांना 31 हजारांहून अधिक मतांनी हरवलं. 2019 मध्ये भाजपचे बंडखोर चंद्रशेखर अत्तरदे समोर होते, फरक 46 हजारांच्या पुढे गेला. 2024 मध्ये पुन्हा देवकर, फरक 59 हजारांच्या वर. गालांची उपमा, बंड, टपरी यांपैकी कशानेही मत घटलेलं दिसत नाही. घरकुलाबद्दलचा राग पेटीतून किती उतरला हे सांगणं अवघड. 2019 मध्ये देवकरांना रोखलं ते कायद्याने. गावाकडे आमदाराचा हिशेब वेगळ्या वहीत असतो: दहाव्याला आला का, लग्नात अक्षता टाकायला थांबला का, फोन उचलतो का. या वहीत पाटील पक्के आहेत. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचं स्मारक वर्षानुवर्षं रखडलं, याची नोंद मात्र या वहीत कुठल्या पानावर आहे, ते सापडत नाही.

2025 मध्ये देवकर अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. पाटलांना हा प्रवेश रुचला नव्हता, आणि ते साहजिकही होतं. दोन्ही गुलाबराव आता महायुतीत आहेत. जागा मात्र एकच आहे, आणि पुढच्या तिकीटवाटपात ती कुणी सोडायची यावर मळ्यातल्या पैजा आत्ताच लागल्या आहेत.