मेंदूतील तार पुन्हा बसवावी लागते तेव्हा

कंपवातावरील ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ही शस्त्रक्रिया आता नवी राहिलेली नाही. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे डॉ. आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये तिचा पाया घातला. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिची सुरुवात केली. मेंदूच्या खोल भागात बसवलेली बारीक तार कातडीखालून मानेमार्गे छातीतील बॅटरीला जोडलेली असते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी हे यंत्र आयुष्यभर सांभाळावे लागते, आणि काही रुग्णांना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते.

अर्थात, कंप परतला म्हणजे तार बिघडली असे नव्हे. पुष्कळदा यंत्रातील विद्युतप्रवाहाचे प्रमाण बदलूनच काम भागते. म्हणून प्रथम यंत्राची तपासणी होते, मग क्ष-किरण आणि सीटी स्कॅन. तारेचे टोक दोन-तीन मिलिमीटर जरी बाजूला पडले असले, तरी अपेक्षित गुण येत नाही. अशा वेळी तार काढून नव्याने बसवावी लागते. मानेजवळ तार तुटणे हेही एक कारण. काही जण नकळत छातीवरील बॅटरी चाळवत राहतात. ती कातडीखाली फिरते आणि तारेला पीळ बसत जातो.

सर्वांत कठीण प्रसंग जंतुसंसर्गाचा. बॅटरीवरील कातडी लाल होणे, पाणी झिरपणे, तार वर दिसू लागणे ही त्याची लक्षणे. संसर्ग छातीपुरता असेल तर बॅटरी व जोडतार काढून मेंदूतील तार वाचवण्याचा प्रयत्न होतो. तो वर सरकलेला असेल तर सारेच काढावे लागते. प्रतिजैविके देऊन जखम पूर्ण भरल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, यंत्र पुन्हा बसवतात. या मधल्या काळात रुग्ण पुन्हा गोळ्यांच्या भरवशावर असतो. प्रवाह अचानक थांबल्याने काहींचे शरीर ताठरते, ताप चढतो, गिळता येत नाही. हे जिवावर बेतू शकते. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते, तेव्हाही हाच धोका असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील रुग्णाला अशा उपचारांसाठी बहुधा पुण्या-मुंबईला जावे लागते. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. अकोले किंवा जामखेडच्या रुग्णाला प्रवासात दिवस जातो. तेवढ्यासाठी जखमेवर गावातच मलम लावून वाट पाहणे महागात पडते. जखमेचे छायाचित्र त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना पाठवावे; टाके किंवा पू काढण्याचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा. यंत्राचे ओळखपत्र आणि प्रवाहाच्या शेवटच्या नोंदी सोबत ठेवाव्यात. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यास यंत्राविषयी आधीच सांगावे, कारण डायथर्मीचा शेक या रुग्णांना पूर्णतः वर्ज्य आहे: त्याची उष्णता तारेवाटे थेट मेंदूत पोहोचते.