औषधाच्या चिठ्ठीपलीकडे

बालरोगचिकित्सेच्या क्षेत्रात वारंवार प्रत्ययास येणारी एक गोष्ट अशी की, रुग्णालयातून बरे होऊन गेलेले मूल काही आठवड्यांतच त्याच व्याधीने पुन्हा दाखल होते. निदान अचूक असते, औषधही योग्य असते. परंतु ज्या परिस्थितीत मूल आजारी पडले, त्याच परिस्थितीत ते परत गेलेले असते. ओल आलेल्या, बुरशी धरलेल्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा दमा केवळ औषधाने आटोक्यात राहत नाही. ज्या घरात महिनाअखेरीस शिधा संपतो, त्या घरातील मुलाचे वजन शक्तिवर्धक औषधांनी वाढत नाही. तेव्हा अन्न, निवारा, रोजगार, इंधन या कुटुंबाच्या गरजांचा विचार करणे हे डॉक्टरचे काम आहे काय, आणि असल्यास ते त्याने कोणत्या रीतीने करावे, असा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाला एक रोखठोक उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात मिळाले. तेथील माउंड बायू या गावी १९६७ साली डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आरोग्यकेंद्र सुरू केले. कापसाच्या शेतीत यंत्रे आल्यामुळे त्या भागातील हजारो कृष्णवर्णीय शेतमजूर बेकार झाले होते आणि त्यांच्या मुलांत कुपोषण व जुलाब यांचे थैमान होते. केंद्रातील डॉक्टर कुपोषित मुलांसाठी दूध, भाज्या, मांस अशा अन्नपदार्थांच्या चिठ्ठ्या लिहून देऊ लागले. गावातील वाणी त्या चिठ्ठीवर माल देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्याकडे पाठवीत. अनुदान देणाऱ्या सरकारी कार्यालयाने आक्षेप घेतला की, औषधांचा पैसा औषधांवरच खर्च झाला पाहिजे. त्यावर गायगर यांचे म्हणणे असे की, वैद्यकाच्या ग्रंथांप्रमाणे कुपोषणावरचे औषध अन्न हेच होय. पुढे केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले आणि भाजीपाला पिकविण्यासाठी स्थानिक कुटुंबांची सहकारी शेती उभी राहण्यास साहाय्य केले. या कार्यामागील प्रेरणा दक्षिण आफ्रिकेतील होती. तेथील फोलेला या ग्रामीण भागात सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० साली असेच केंद्र स्थापन केले होते, आणि विद्यार्थिदशेत गायगर यांनी तेथे काम केले होते.

अशा कामासाठी बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना विशेष सोयीचा का, हे समजून घेतले पाहिजे. प्रौढ मनुष्य आजारी पडल्यावरच डॉक्टरकडे जातो. तान्हे मूल मात्र निरोगी असतानाही लस टोचण्यासाठी आणि वजन पाहण्यासाठी पहिल्या वर्षातच अनेकदा दवाखान्यात आणले जाते. गरजू कुटुंबाचा एखाद्या संस्थेशी इतका नियमित संबंध अन्यत्र क्वचितच येतो. शिवाय मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत अतिशय वेगाने होते. या काळातील उपासमारीची भरपाई पुढे पूर्णपणे होईलच असे नाही. मदत लवकर पोहोचणे हाच येथे उपचाराचा मोठा भाग असतो.

बोस्टन शहरातील महापालिका रुग्णालयाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. डॉ. डेबोरा फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील तातडीच्या विभागात येणाऱ्या लहान मुलांच्या वजनाचा अभ्यास केला. कडाक्याच्या थंडीनंतरच्या महिन्यांत अतिशय कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ उलगडणे कठीण नव्हते: गरीब कुटुंबांना घर उबदार ठेवण्याचा खर्च आणि अन्नाचा खर्च यांतून एकाची निवड करावी लागत होती. वजनाचा काटा ज्या विकाराची नोंद करीत होता, त्याचे मूळ इंधनाच्या बिलात होते.

याच रुग्णालयात १९९३ साली डॉ. बॅरी झुकरमन यांनी मुलांच्या उपचारासाठी वकिलाची योजना केली. दम्याच्या रुग्णाच्या घरातील ओल दूर करणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी असेल, तर डॉक्टरच्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा वकिलाचे एक पत्र अधिक गुणकारी ठरते, हा त्यामागील विचार होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात घरी गंभीर आजारी व्यक्ती असून बिल भरण्याची ऐपत नसेल, तर वीज वा गॅस तोडता येत नाही. मात्र त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. कायद्याने दिलेले संरक्षण अशा रीतीने डॉक्टरच्या लेखणीवर अवलंबून असते, आणि पुष्कळ डॉक्टरांना त्याची कल्पनाही नसते. पुढे अनेक रुग्णालयांनी ही पद्धत स्वीकारली.

तथापि, डॉक्टरने गरज ओळखावी कशी? माता आपणहून सांगेल ही अपेक्षा फोल आहे. दारिद्र्याची लाज असते. मुलाला उपाशी ठेवल्याचा ठपका येईल, प्रसंगी मूल काढून घेतले जाईल, अशी भीतीही असते. म्हणून डॉ. अरविन गर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिच्यात अन्न, घर, घरातील उष्णता, नोकरी, पालकांचे शिक्षण आणि मुलांचा सांभाळ यांविषयी साधे प्रश्न होते. ती सर्वच मातांना दिली जात असल्यामुळे कोणाकडे बोट दाखविले जात नसे. प्रत्येक गरजेपुढे मदत हवी आहे काय, हेही विचारलेले असे. हवी असल्यास जवळच्या संस्थांची माहिती असलेला कागद डॉक्टर तत्काळ हाती देत. बोस्टनमधील आठ आरोग्यकेंद्रांत ३३६ मातांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. प्रश्नावली वापरणाऱ्या केंद्रांत पहिल्याच भेटीत ७० टक्के मातांना एखाद्या संस्थेचा पत्ता मिळाला. इतर केंद्रांत हे प्रमाण ८ टक्के होते. मूल वर्षाचे होईपर्यंत अनुक्रमे ३९ व २४ टक्के कुटुंबांना नवी मदत प्रत्यक्ष सुरू झाली होती.

हे आकडे उत्साहवर्धक असले, तरी त्यांत एक इशाराही दडलेला आहे. पत्ता मिळणे आणि मदत मिळणे यांत पुष्कळ अंतर असते. अर्ज भरणे, कागदपत्रे जमविणे, रोजगार बुडवून खेटे घालणे या वाटेत अनेक कुटुंबे गळतात. यासाठी काही ठिकाणी कुटुंबाबरोबर शेवटपर्यंत राहणारा साहाय्यक नेमला जातो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड येथे १,८०९ कुटुंबांवर केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, असा साहाय्यक लाभलेल्या कुटुंबांच्या गरजा घटल्या आणि मुलांची प्रकृती सुधारल्याचे पालकांनी सांगितले. परंतु जेथे स्वस्त घरेच उपलब्ध नाहीत, तेथे साहाय्यक तरी काय करणार? देण्याजोगे काही नसताना दुःख विचारीत बसणे हे उपचाराचे नव्हे, उपद्रवाचे लक्षण होय. डॉक्टरचा कागद धोरणाची जागा घेऊ शकत नाही. धोरणात कोठे भगदाड आहे, हे मात्र तो दाखवू शकतो.

भारतीय वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. तीव्र कुपोषित मुलांसाठी आपल्याकडे पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तेथे मुलाबरोबर मातेचीही राहण्याजेवणाची सोय केली जाते आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई तिला देण्याची तरतूद आहे. ही भरपाई म्हणजे दानधर्म नव्हे. ती उपचाराचेच अंग आहे. हातावर पोट असलेल्या बाईला दोन आठवडे काम सोडून राहणे परवडले नाही, तर ती मुलाला घेऊन अर्ध्यावरच परतते. आणि घरी आणखी दोन लहान मुले असतील, तर भरपाई मिळूनही तिचा जीव तिकडे ओढला जातो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिनेही आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांची सांगड अंगणवाडीत घातली. मात्र वाढीच्या तक्त्यावरील रेषा खाली झुकली की, सेविकेने आहार देऊन थांबायचे, की शिधापत्रिका आहे काय, बाप कामासाठी परगावी गेला आहे काय, मुलाला दिवसभर कोण सांभाळते, हेही विचारायचे, यावर त्या तक्त्याचा उपयोग अवलंबून असतो.

सारांश, मुलाचे शरीर हे त्याच्या घराच्या परिस्थितीची नोंदवही असते. ती वाचण्याची संधी बालरोगतज्ज्ञाला इतरांपेक्षा आधी मिळते. सर्व गरजा भागविणे त्याच्या हाती नाही; परंतु सन्मानाने विचारणे, मदतीचा मार्ग ठाऊक असणे, आणि ती मदत खरोखर पोहोचली काय हे पुढच्या भेटीत पाहणे, एवढे त्याला करता येते. तिसरी गोष्ट राहून गेली, तर पहिल्या दोन्ही व्यर्थ जातात.