मणक्याचे ऑपरेशन आणि पायांची भीती

"डॉक्टरसाहेब, पोरीची पाठ वाकडी तर वाकडी राहू द्या. पण ऑपरेशनमध्ये पायच गेले तर?" काही वर्षांपूर्वी एका शेतकरी वडिलांनी माझ्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला. मुलगी तेरा वर्षांची. शाळेचा गणवेश शिवताना तिचा एक खांदा वर असल्याचे शिंप्याच्या लक्षात आले होते. तपासणीत कण्याला मोठा बाक निघाला आणि पुण्याच्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली.

ही भीती अगदीच निराधार नाही. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू जातो. वाकडा कणा स्क्रू आणि सळ्यांनी सरळ करताना तो ताणला गेला, दबला किंवा त्याचा रक्तपुरवठा घटला, तर पाय लुळे पडू शकतात. असे क्वचितच घडते. पण रुग्ण भुलीखाली असल्याने पूर्वी ते शुद्धीवर आल्यावरच कळे. तोवर उशीर झालेला असे.

1973 साली फ्रान्समधील डॉ. स्तान्यारा व सहकाऱ्यांनी एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. कणा सरळ केल्यावर भूल हलकी करायची आणि रुग्णाला पायाची बोटे हलवायला सांगायचे. चाचणी चांगली, पण ती फक्त त्या क्षणापुरते सांगते.

आता ही पाहणी शस्त्रक्रिया चालू असताना सतत करता येते. घोट्याजवळच्या नसेला विजेचे सौम्य झटके देतात. तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत सुमारे 40 मिलिसेकंदांत पोहोचतो आणि डोक्याला लावलेल्या तारा तो टिपतात. पडद्यावरील लहरीची उंची निम्म्याने घटली किंवा संदेशाला 10 टक्के अधिक वेळ लागू लागला, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

ही झाली संवेदनेची, वर जाणारी वाट. हालचालीचे हुकूम खाली आणणारी वाट मज्जारज्जूच्या वेगळ्या भागातून जाते. म्हणून डोक्यावरून झटका देऊन पायाचे स्नायू प्रतिसाद देतात का, हेही पाहतात. त्या वेळी स्नायू शिथिल करणारी औषधे भूलतज्ज्ञांना टाळावी लागतात आणि जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत जाड गुंडाळी ठेवतात.

इशारा मिळताच काम थांबते. तारा तपासतात, रक्तदाब वाढवतात, आवळलेली सळी सैल करतात, गरज पडल्यास नुकताच बसवलेला स्क्रू काढतात. वेळेवर हे केले तर अनेकदा लहर पूर्ववत होते.

या मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले. सळी आवळताना पायाच्या स्नायूंचा प्रतिसाद एकदम घटला. सर्जननी सळी सैल केली, रक्तदाब वाढवला. काही मिनिटांत प्रतिसाद परतला. त्यांनी थोडा बाक तसाच राहू दिला. पाठ रुळासारखी सरळ होण्यापेक्षा पाय चालते राहणे महत्त्वाचे!

अर्थात, यंत्र फक्त इशारा देते, हमी नव्हे. कधी इशारा खोटाही निघतो. काही वेळा त्रास ऑपरेशननंतर काही तासांनी सुरू होतो. म्हणून नंतर पायांत नवा अशक्तपणा, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता लगेच सांगावे.

सरकलेल्या चकतीच्या साध्या ऑपरेशनला हे यंत्र बहुधा लागत नाही. मोठा बाक किंवा मज्जारज्जूतील गाठ असेल तेव्हा मात्र त्याची खरी गरज असते. अशा वेळी सर्जनना निःसंकोच विचारा : नसांची पाहणी होणार का? ती कोण करणार? इशारा मिळाला तर काय कराल? तसेच फिट येत असतील, पेसमेकर असेल किंवा कवटीत धातूची पट्टी असेल, तर ते आधीच सांगा.

भीतीपोटी शस्त्रक्रिया लांबवली तर बाक वाढतो आणि पुढे ती अधिक अवघड होते. ती मुलगी महिन्याभराने वडिलांसोबत आली, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या स्वतः चढून आली. वडिलांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.