ऑनलाइन व्याख्यान संपलं, आता आवराआवर

वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या ऑनलाइन व्याख्यानाचा शेवट ठरलेला असतो. आभारप्रदर्शन होतं, कुणीतरी "जरा सगळ्यांनी कॅमेरे चालू करा, फोटो काढू" म्हणतं आणि पडद्यावरचे चौकोन भराभर नाहीसे होतात. सभागृहातला कार्यक्रम असता तर सतरंज्या गुंडाळायच्या राहिल्यात, माइकवाला पैशांसाठी थांबलाय, हे समोर दिसलं असतं. इथे लॅपटॉप मिटला की सगळंच मिटल्यासारखं वाटतं.

आपण झूमवर घेतलेल्या, शंभरेक श्रोत्यांच्या व्याख्यानाचं उदाहरण धरू. इतर माध्यमांवर बटणं वेगळी असतील, पण कामांचा क्रम फारसा बदलत नाही. पंगत उठल्यावर आपण आधी दूधदुभतं झाकतो आणि भांडी मागाहून घासतो. इथेही जे लवकर नासतं ते आधी हातात घ्यायचं.

सगळ्यात लवकर नासते ती चॅट, म्हणजे व्याख्यान चालू असताना श्रोते बाजूच्या चौकटीत लिहितात तो मजकूर. न विचारले गेलेले प्रश्न, वक्त्यांनी ओझरत्या उल्लेखलेल्या पुस्तकांची नावं, "मला यावर अजून वाचायचंय" म्हणणारे लोक, हे सगळं तिथेच असतं. चॅट आपोआप साठवण्याची सोय आधी चालू केलेली नसेल, तर सभा बंद होण्यापूर्वी चॅटच्या चौकटीतल्या तीन टिंबांवर जाऊन 'सेव्ह चॅट' करावं. सभा बंद झाल्यावर आठवण येऊन उपयोग नसतो.

ही फाइल मात्र आहे तशी कुणाला पाठवू नये. यजमानाने स्वतःच्या संगणकावर साठवलेल्या चॅटमध्ये त्याला खासगीत आलेले निरोपही उतरतात. "सरांना आता आटपतं घ्यायला सांगा" हे वाक्य त्याच सरांच्या मेलमध्ये गेलं, तर पुढच्या वर्षीचा वक्ता नवा शोधावा लागेल.

मग रेकॉर्डिंग थांबवावं. थांबवावं आणि मगच गप्पा माराव्यात. औपचारिक समारोप झाल्यावर कार्यकर्ते मोकळे होतात, कोण किती लांबलं यावर बोलू लागतात, आणि ते सगळं व्यवस्थित मुद्रित होत असतं.

रेकॉर्डिंग बंद झाल्यावर वक्त्यांना दोन मिनिटं थांबवून घ्यावं. नीट आभार मानायला ती वेळ लागतेच, पण खरं काम परवानगीचं असतं. कार्यक्रम आपण केला, मानधन आपण दिलं, म्हणजे भाषण आपलं झालं, असा आयोजकांचा समज असतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार ते भाषण करणारी व्यक्तीच असते, मग सभा कुणीही भरवलेली असो. म्हणून थेट विचारावं: पूर्ण व्याख्यान यूट्यूबवर ठेवलं तर चालेल का? की फक्त सभासदांसाठी? एखादा भाग काढायचा आहे का? प्रश्नोत्तरांच्या भरात हयात माणसांबद्दल काहीतरी बोललं जातं आणि वक्त्यांना रात्री झोप लागत नाही. तोंडी होकार मिळाला तरी दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत लेखी घ्यावा.

मध्ये कुणी कविता वाचली असेल तर तीही तपासावी. भारतात साहित्यावरचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. कार्यक्रमाच्या आधी वेळ भरायला लावलेलं सिनेमातलं गाणं तर यूट्यूबची यंत्रणाच ओळखते, तेव्हा तो भाग कापलेलाच बरा.

आता सभा बंद करायची. लाल बटण दाबलं की यजमानाला दोन पर्याय दिसतात: 'लीव्ह मीटिंग' आणि 'एंड मीटिंग फॉर ऑल'. घाईत पहिला दाबला जातो. त्याने आपण बाहेर पडतो, सभा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवली जाते आणि चालूच राहते. आपल्याला दुसरा हवा.

रेकॉर्डिंग आपल्याच संगणकावर केलं असेल, तर सभा संपल्यावर झूम त्याचं नेहमीच्या व्हिडिओत रूपांतर करतं. पट्टी सरकताना दिसते आणि मोठ्या व्याख्यानाला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात लॅपटॉप मिटला, बॅटरी संपली, वीज गेली, की लोक घाबरतात. घाबरण्यासारखं सहसा नसतं. 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'झूम' फोल्डरमध्ये त्या तारखेचं उपफोल्डर उघडलं की 'डबल क्लिक टू कन्व्हर्ट' अशा नावाची फाइल दिसते. ती दोनदा टिचकावली की काम पुन्हा सुरू होतं. तोवर त्या फाइलींची नावं बदलू नयेत, त्या इकडेतिकडे हलवू नयेत. घोटाळे तिथेच होतात.

मोफत खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा असते. त्यामुळे मध्येच सभा तुटून पुन्हा जोडली असेल, तर रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या फोल्डरांत असेल. दुसरा भाग सापडत नाही म्हणून हळहळण्याआधी शेजारचं फोल्डर बघावं.

पैसे भरून घेतलेल्या खात्यावर क्लाउडमध्ये, म्हणजे झूमच्या स्वतःच्या साठ्यात, रेकॉर्डिंग करता येतं. ते तयार व्हायला व्याख्यानाच्या साधारण दुप्पट वेळ लागतो, कधी आणखी जास्त, आणि तयार झाल्याचा मेल येतो. तो आला की फाइल उतरवून घ्यावी आणि एक प्रत दुसरीकडे, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवावी. गूगलची मोफत १५ जीबी जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते. वर्षभराची व्याख्यानं तिच्यात बसवायला जाऊ नये.

त्याच रात्री अभिप्रायाचा फॉर्म पाठवावा. दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागतात. प्रश्न चारच पुरे. तारे मोजायला लावण्यापेक्षा "कुठे कंटाळा आला?" असं सरळ विचारलं तर कामाची उत्तरं येतात, असं माझं मत आहे.

आकडे जाहीर करण्याआधी उपस्थितीचा अहवाल शांतपणे पाहावा. नेट जाऊन तीनदा परत आलेला माणूस त्यात तीन ओळी खातो. कुणी 'आयफोन' असतं, कुणी 'आईचा टॅब', आणि एका फोनसमोर अख्खं कुटुंब बसलेलं असतं ते एकच धरलं जातं. प्रमाणपत्रं द्यायची असतील तर नावं या यादीतून न उचलता नोंदणीच्या फॉर्ममधून घ्यावीत. नाव चुकलेलं प्रमाणपत्र मिळालं की श्रोता व्याख्यान विसरतो आणि चूक लक्षात ठेवतो.

व्हिडिओ चढवण्यापूर्वी एकदा पूर्ण पाहावा. सुरुवातीचं "आवाज येतोय का?" कापावं. श्रोत्यांचे चेहरे दिसत असतील तर कुणाच्या मागे काय चाललंय तेही पाहावं. घरातली लहान मुलं नकळत मुद्रित झालेली असतात. हे आधीच करायचं कारण असं की यूट्यूबवर चढवलेली फाइल त्याच लिंकवर ठेवून बदलता येत नाही. चढवल्यावर तिथल्या तिथे काटछाट करता येते, पण ते काम किचकट आहे. शिवाय फोन नंबरची पडताळणी न केलेल्या खात्यावर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढतच नाही. सभासदांपुरता ठेवायचा असेल तर 'अनलिस्टेड' निवडावं: ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच तो दिसतो, शोधून सापडत नाही.

लिंकला उशीर करू नये. पुण्यात संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेसात. तिथले मराठी श्रोते कामाच्या दिवशी थेट हजर राहू शकत नाहीत आणि लिंकचीच वाट बघत असतात.

आभाराचा मेल सर्वांना एकत्र पाठवताना पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. वक्त्यांना मात्र स्वतंत्र पत्र जावं. त्यात लिंक, दोन-तीन निवडक अभिप्राय आणि राहून गेलेल्या प्रश्नांपैकी चार-पाच असावेत. सगळे तीस प्रश्न पाठवणं हा वक्त्यांवर अन्याय आहे.

मानधन आठवड्याच्या आत जावं. देणग्या यूपीआयने आल्या असतील तर लोकांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, बँकेच्या नोंदींशी ताळा करावा. कार्यक्रमासाठी महिन्याभराचं झूमचं खातं घेतलं असेल, तर ते आपोआप नव्याने सुरू होतं आणि कार्डातून पैसे जातात. ते रद्द करावं, पण क्लाउडमधलं रेकॉर्डिंग उतरवून झाल्यावरच.

मग उघडी दारं लावायची. नोंदणीचा फॉर्म बंद करावा, नाहीतर महिन्याने कुणीतरी नाव नोंदवून "लिंक आली नाही" म्हणून फोन करतं. कायमची एकच लिंक वापरली असेल तर पुढच्या वेळी नवी घ्यावी. नोंदणीतल्या फोन नंबरांची यादी चार कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर पडून राहते आणि मग त्यावरून सहलींच्या जाहिराती जायला लागतात. काम संपलं की लोकांची माहिती पुसावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातलंही तत्त्व आहे. ज्यांनी पुढच्या कार्यक्रमांसाठी होकार दिलाय तेवढे नंबर ठेवून बाकीचे काढून टाकावेत. कार्यक्रमापुरता काढलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही दोन दिवसांची सूचना देऊन बंद करावा. तसाच ठेवला तर त्यावर 'शुभ सकाळ'ची फुलं सुरू होतात.

आठवड्याच्या आत तिघाचौघांनी बसून अर्ध्या पानाचं टिपण करावं. वक्त्यांचा आवाज कुठे तुटला, पीपीटी उघडायला किती वेळ गेला, सूत्रसंचालन आणि श्रोत्यांना आत घेणं ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती का, यूट्यूबचा पासवर्ड सध्या कुणाकडे आहे, हे त्यात लिहावं आणि ते टिपण रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये ठेवावं.