कुत्रं आजारी पडण्याआधीचा दवाखाना

‘डॉक्टर, कालपासून काही खातच नाहीये.’ कुत्र्यांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य बहुधा हेच असेल. चांगला डॉक्टर त्यावर लगेच इंजेक्शन भरायला घेत नाही. तो विचारत सुटतो : एरवी किती खातं? पाणी पितंय का? उलटी झाली का, त्यात काय होतं? लघवीचा रंग कसा होता? अंगावर गोचीड दिसली का? इथे घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. सकाळी आजोबा फिरवून आणतात, दुपारी मावशी पोळी घालतात, रात्री मुलगी वाटी भरते. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत असतं आणि लघवीचा रंग कोणीच पाहिलेला नसतो.

पुण्यात बरीच वर्षं कुत्री पाळताना आणि सोसायटीतल्या इतरांच्या कुत्र्यांमागे धावताना माझं एक मत पक्कं झालंय. मुक्या जनावराचं निम्मं निदान घरून न्यावं लागतं. ती घरची माहिती जो चिकाटीने काढून घेतो, तो डॉक्टर आपला. यंत्रं, वातानुकूलित प्रतीक्षागृह, भिंतीवरचे गोल्डन रिट्रीव्हरचे फोटो, हे सगळं त्यानंतर.

गोचीड तापाचंच घ्या. आपल्याकडे कुत्र्यांच्या आजारपणातला मोठा वाटा याचा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पाऊस ओसरेपर्यंत जोर जास्त, पण उबदार हवेत बाकीचे महिनेही सुटका नाही. आपल्या कुत्र्यांवर सर्रास सापडणारी तपकिरी गोचीड आयुष्याचा फारच थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर काढते. अंड्यातून निघाल्यापासून अंडी घालेपर्यंत ती तीनदा रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरते. रक्त पिऊन टंच झालेली मादी भिंतीच्या भेगेत, खिडकीच्या चौकटीमागे नाहीतर स्कर्टिंगच्या फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणून रोज चिमट्याने गोचिडी काढूनही त्या संपत नाहीत. कुत्र्याइतकाच भिंतींचाही बंदोबस्त करावा लागतो.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, शेपटीचं मूळ आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे पायाच्या बोटांमधली. तिथे ती काळ्या मिरीसारखी चिकटून बसते आणि कुत्रं पाय चाटत राहतं. आपल्याला वाटतं, खाज असेल. चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढायची. रॉकेल नको, काडी पेटवून चटका तर नकोच. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात नाहीतर स्पिरिटात टाकावी. कुत्र्याला ती गिळूही देऊ नये. हिपॅटोझून नावाचा परजीवी अशी गोचीड गिळल्यामुळेच पोटात जातो.

आपण ज्याला सरसकट ‘टिक फीव्हर’ म्हणतो तो एकच आजार नाही. एर्लिकिया हा जिवाणू, तर बबेसिया रक्तातल्या लाल पेशींत शिरणारा परजीवी. ताप, मलूलपणा, अन्नावरची वासना उडणं हे दोन्हींत सारखंच. एर्लिकियात प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसियात हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते. (लघवीचा रंग डॉक्टर का विचारतात, ते इथे कळतं.) दोन्हींची औषधं वेगळी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण निव्वळ त्यावर बबेसिया हटत नाही. त्यामुळे औषध सुरू करण्याआधी रक्त तपासणं आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं गरजेचं. ‘टिक फीव्हरच दिसतोय’ म्हणून नुसत्या अंदाजाने गोळ्या देणाऱ्याचा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो. निघत नाही तेव्हा मधले चार-पाच दिवस महागात पडतात.

डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं पुन्हा दारावरच्या माणसावर भुंकायला लागतं आणि गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर विसरलं जातं. हा जंतू अंगात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो, म्हणून कोर्स पुरा करायचा. गोळी देताना आपल्याकडे हमखास दूध, पनीर नाहीतर पेढ्याचा आधार घेतला जातो. पण दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. चिकनच्या तुकड्यात किंवा साध्या भाताच्या गोळ्यात लपवावी आणि वरून पाणी पाजावं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

गोचिडी रोखायला महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या चघळायच्या गोळ्या आता सहज मिळतात. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर त्या देण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या पाठीवर सोडायचे पर्मेथ्रिनचे थेंब आणूच नयेत. मांजराला ते विष आहे.

आता ताटाकडे वळू. दूध-पोळीवर आपल्या कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या, हे खरं. कुत्रं लांडग्याच्या कुळातलं असलं तरी माणसासोबत राहून पिष्टमय अन्न पचवायला शिकलंय. लांडग्याच्या तुलनेत त्याच्याकडे त्या पचनरसाच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात. तेव्हा पोळी पचते. अडचण अशी की नुसत्या पोळीत प्रथिनं पुरेशी नाहीत, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नसल्याने पोट बिघडतं. याच्या उलट टोकाला रोज उकडलेलं बोनलेस चिकन आणि भात घालणारे हौशी लोक. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने हेच दिलं तर हाडं ठिसूळ होतात.

हे ऐकलं की लोक कॅल्शियमच्या सिरपकडे धावतात. पिल्लू विकणारा पट्टा आणि वाटीसोबत ती बाटलीही हातात ठेवतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीचं पिल्लू पिल्लांसाठीच्या संपूर्ण तयार खाद्यावर असेल, तर वरून कॅल्शियम घालणं घातक ठरतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही आणि सांधे-हाडांची वाढ बिघडते. घरचं जेवण घालायचं असेल तर जरूर घालावं, पण त्यात कॅल्शियम किती, कशातून, हे डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्यावं.

माझ्या मते शहरी कुत्र्याचं खरं दुखणं काय खातं यापेक्षा किती खातं हे आहे. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर जन्मभर पाहिले होते. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या केल्या, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. शिवाय कमी खाणाऱ्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. पावणेदोन वर्षांचं जास्तीचं आयुष्य देणारं दुसरं कुठलं टॉनिक मला तरी माहीत नाही. लॅब्रेडॉर मात्र तुम्हाला कमी घालू देणार नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना जवळपास चौथा हिस्सा लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. तेव्हा तो केविलवाणा चेहरा नाटकी नसेलही, पण वाटी भरायचं ते कारण नव्हे.

साधा हिशेब असा. कुत्र्याच्या वजनाचे किलो गुणिले ३०, अधिक ७०. हा आकडा विश्रांतीतल्या गरजेचा. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याची साधारण दीडपट ते पावणेदोनपट. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला हजार-अकराशे कॅलरी झाल्या. तूप लावलेली एक पोळी शंभरच्या वर जाते. चहाबरोबर आजोबांनी प्रेमाने दिलेली दहा ग्लुकोज बिस्किटं म्हणजे दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा, आणि तो कोणाच्याच खिजगणतीत नसतो. बरगड्यांवरून तळवा फिरवावा. हलक्या हाताला त्या लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर वाटी लहान करा.

कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, शिजवलेली हाडं, या गोष्टी वर्ज्य. कांद्याने लाल पेशी फुटतात. कांदा शिजवल्याने ते टळत नाही आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे रविवारच्या रश्श्याचा संबंध बुधवारच्या अशक्तपणाशी कोणी लावत नाही. दिवाळीत चकल्या, करंज्या, चिवडा खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री दवाखान्यात दिसतात. आमच्या शेजारी एकादशीला कुत्र्यालाही साबुदाण्याची खिचडी असायची. पुण्य मिळालं असेल, पण इतकं तूप आणि दाण्याचं कूट त्याच्या पोटाला काही मानवत नसे.

डॉक्टर निवडायचा तो पिल्लू घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच. रात्री अकराला रक्ताची उलटी झाल्यावर निवड होत नाही, जो दार उघडेल त्याच्याकडे जावं लागतं. लसीकरणासाठी फेऱ्या होतातच, त्या वेळी डॉक्टरकडेही नीट बघून घ्यावं. तो कुत्र्याचं वजन करतो का? थर्मामीटर लावतो का? ओठ वर करून हिरडी दाबून, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी होतो का ते पाहतो का? पोट चाचपतो, जबड्याखालच्या गाठी बोटांनी शोधतो का? दिलेल्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहितो का? ‘अँटिबायोटिक दिलंय’ एवढ्यावर भागवणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. पुढच्या डॉक्टरला काय सांगायचं मग?

पदवीचंही बघावं. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे, आणि १९८४च्या कायद्यानुसार व्यवसायासाठी परिषदेची नोंदणी लागते. तो क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा. पेटशॉपवाला, ट्रेनर, केस कापणारा हे आपापल्या कामात तरबेज असतील, औषधं सांगायचा अधिकार त्यांना नाही. दुसरं असं की या पदवीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी सगळंच येतं. तालुक्याचा सरकारी डॉक्टर अडलेल्या म्हशीला मोकळं करण्यात वाकबगार असेल, म्हणून कुत्र्याच्या मणक्याचं ऑपरेशन त्यानेच करावं असं नाही. ‘हे माझ्याकडे होणार नाही, परळला न्या’ असं स्पष्ट सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, आणि त्याच्याशी जोडलेल्या बाई साकरबाई रुग्णालयात आजही गर्दी असते. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं.

लसकार्डावर बाटलीचं स्टिकर लावलेलं असावं, बॅच क्रमांक आणि मुदतीसकट. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. ब्रीडरने स्कूटरच्या डिकीतून आणून टोचलेल्या लसीचा भरवसा नाही. पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे वरून दिसत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचायचं. ‘एक डोस झालाय, साहेब’ म्हणून विकलेली पिल्लं पार्व्होने जातात ती यामुळेच. रेबीज आणि लेप्टोची लस दरवर्षी. लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो.

शस्त्रक्रियेआधी दोन प्रश्न विचारायला संकोच नको : भूल देण्याआधी रक्त तपासणार का, आणि भुलीत असताना कुत्र्यावर लक्ष कोण ठेवणार? लातूर-सोलापूरकडचा कारवान किंवा मुधोळ असेल तर हे फारच महत्त्वाचं. या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि भुलीची काही जुनी औषधं त्यांना फार वेळ भोवतात. खर्चाचा अंदाजही आधीच मागावा. पैशाचं बोलणं नंतर काढलं की दोन्हीकडे कडवटपणा येतो.

घरात एक डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा. त्याचं तापमान मुळात १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घालणं म्हणजे आजारावर विषबाधेची भर. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एप्रिल-मेमध्ये पग धापा टाकत कोसळला तर आधी अंगावर पाणी, पंखा, आणि मग गाडी.

आणि गाडीचंही आधीच ठरवून ठेवावं. रात्री रिक्षावाले कुत्रं बघून नाही म्हणतात, ॲपवरची टॅक्सी दारात येऊन परत जाते. रात्री चालू असणारा दवाखाना कुठला, तिथे एक्स-रे आणि रक्त चढवायची सोय आहे का, आणि इमारतीतलं कोण गाडी काढेल, हे लसकार्डाच्या मागच्या पानावर फोन नंबरांसकट लिहून ठेवा. शेजारी कुत्र्याचं वजनही, दर महिन्याला नवं. फोनवर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.