निकाल ठरलेला, घाव खरे!

“ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला, ती पाहायची कशाला?” असे मला पुष्कळदा विचारले जाते. विचारणारी मंडळी ‘एकच प्याला’ मात्र चारचारदा पाहून आलेली असतात! सुधाकराचे शेवटी काय होते, हे ठाऊक असूनही आपण नाटकाला जातोच ना? जपानमधील धंदेवाईक कुस्ती याच जातीची. कोण जिंकला यापेक्षा तो विजय प्रेक्षकांच्या गळी कसा उतरवला, हे तिथे पाहायचे असते.

हा खेळ जपानात लोकप्रिय केला रिकिडोझानने. हा जन्माने कोरियन, पूर्वाश्रमीचा सुमो मल्ल. १९५४ च्या फेब्रुवारीत ज्यूदोपटू किमुराला जोडीला घेऊन तो धिप्पाड परदेशी शार्प बंधूंशी लढला. जपानात दूरचित्रवाणी येऊन जेमतेम वर्ष झाले होते. चौकाचौकांतल्या संचांपुढे माणसांचा समुद्र लोटला. युद्धात हरलेल्या राष्ट्राला गोऱ्यांना लोळवणारा आपला गडी दिसत होता! पुढल्याच वर्षी त्याने किंग काँगला हरवले. हो, तोच किंग काँग, ज्याच्या दारासिंगशी झालेल्या झुंजींच्या गोष्टी आपल्याकडचे वडीलधारे रंगवून सांगत.

आज या जुन्या कुस्त्यांची चित्रणे घरबसल्या पाहता येतात. त्या पारखायच्या कशा? माझी कसोटी साधी आहे. पहिल्या पाच मिनिटांत दुखावलेला पाय विसाव्या मिनिटाला लंगडतो का? प्रत्येक डाव आधीच्या डावातून उगवतो का? आणि पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर पडण्याआधी सारे सभागृह श्वास रोखते का?

३ जून १९९४ रोजी तोक्योच्या बुदोकानमध्ये झालेली मिसावा–कावाडा लढत या सर्व कसोट्यांना उतरते. दोघे एकाच शाळेचे. मिसावा एका वर्षाने पुढे. तो निर्विकार, तर कावाडाच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेदना वाचावी. पस्तीस मिनिटांच्या झुंजीनंतर मिसावाने कावाडाचे दोन्ही हात जखडून त्याला मानेवर आपटले. अमेरिकन समीक्षक डेव्ह मेल्ट्झर यांनी या लढतीला पाच तारे दिले.

तरीही माझ्या लेखी ८ जून १९९० ची लढत वरचढ आहे. तिथे सत्तावीस वर्षांच्या मिसावासमोर होता बुजुर्ग जंबो त्सुरुता. त्सुरुताने मागून कमरेला विळखा घातला आणि त्याला उचलून मागे फेकू लागला. मिसावाने हवेतच अंग वळवले, तो त्सुरुताच्या अंगावर पडला आणि क्षणभराच्या उलटापालटीत त्याचे खांदे टेकवले. ना भीषण आपटी, ना रक्त. पण एका पिढीने दुसरीच्या हाती सूत्रे दिल्याचे सभागृहाला कळले.

१३ जून २००९ रोजी हिरोशिमात मिसावाला प्रतिस्पर्ध्याने असेच मागे फेकले. या वेळी तो उठला नाही. वय अवघे शेहेचाळीस. वर्षानुवर्षे मानेवर झेललेल्या आपट्यांनी शरीर खचले होते. आणि त्या प्रत्येक आपटीला टाळ्या पडल्या होत्या!

निकाल लटका असेल. जमीन लटकी नसते. म्हणून गुण देताना मी एक प्रश्न स्वतःला विचारतो : ती आपटी वगळली असती, तर कुस्ती उणी झाली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती कुस्ती खरोखर थोर.