हँगरातलं हवाई दल आणि त्याचे हट्टी मालक

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिमेला बिग स्प्रिंग नावाचं गाव आहे. तेलविहिरी, गुरं आणि नजर पोचेल तिथवर सपाट माळ. तिथल्या एका हँगरात 2014 पर्यंत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रंगांची सहा लढाऊ विमानं दाटीवाटीनं उभी होती. पंखांवर काळे क्रॉस आणि अंगावर चार दशकांची धूळ. पहिल्यांदाच दार उघडणाऱ्याला वाटावं, हिटलरचं हवाई दल वाट चुकून टेक्सासात उतरलं आणि तिथेच झोपी गेलं.

प्रत्यक्षात ही विमानं म्हणजे एका वैमानिकाचा थकलेला पगार होता!

पैसे नकोत, विमानं द्या

त्या वैमानिकाचं नाव विल्सन एडवर्ड्स. सगळे त्याला 'कॉनी' म्हणत. 1968 साली ब्रिटन-जर्मनीच्या हवाई लढाईवरच्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा जर्मन विमानं उडवायला काही टेक्सासवाले बोलावले गेले. कॉनी त्यांतला एक. कामाच्या मोबदल्याचा काही भाग त्यानं रोख न घेता विमानांच्या रूपात घेतला. त्यात सिनेमातली 'मेसरश्मिट' तर होतीच, शिवाय एक अस्सल ब्रिटिश स्पिटफायरही होतं. सगळा ऐवज त्यानं जहाजानं घरी आणला, हँगरात ठेवला आणि दार लावून घेतलं.

जुन्या विमानांच्या शौकिनांना या साठ्याची खबर होती. पण कॉनी विकायला तयार नव्हता. विमानं दुरुस्त करून मिरवण्याचीही त्याला घाई नव्हती. तो हौशी संग्राहकांच्या पोशाखी जातीचा नव्हताच. 1986 साली त्यानं कॅटालिना जातीचं समुद्री विमान घेऊन अटलांटिक महासागर ओलांडला, 1919 मधल्या 'एनसी-4' या विमानाच्या पहिल्या अटलांटिक प्रवासाची याद म्हणून. असला माणूस भाव वाढायची वाट पाहत बसला होता, असं मला तरी वाटत नाही. काही माणसांना वस्तू आपल्याजवळ आहे एवढंच पुरतं.

अखेर 2014 मध्ये 'प्लॅटिनम फायटर सेल्स' या दलाल कंपनीमार्फत ही सहाही विमानं विक्रीला निघाली आणि खरेदीदारानं ती युरोपात नेली. गंमत म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा अलंकार होता तो न पुसलेला रंग. सिनेमासाठी फासलेला रंग, सिनेमासाठी घातलेले आकडे, सगळं तसंच. एखाद्या उत्साही मालकानं मध्येच छान रंगरंगोटी केली असती, तर तो सगळा इतिहास घासून निघाला असता. आळसाचा एवढा मोठा फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

जर्मन विमानाच्या पोटात इंग्रजी इंजिन

आता खरी मौज. कॉनीची 'मेसरश्मिट' जर्मनीत बनलेलीच नव्हती. ती होती स्पेनच्या हिस्पानो कंपनीची एचए-1112. स्पेननं मेसरश्मिट 109 बांधायचा परवाना घेतला खरा, पण युद्धात अडकलेल्या जर्मनीकडून इंजिनं येईनात. सांगाडे तयार आणि इंजिनांचा पत्ता नाही. स्पॅनिश लोकांनी आधी दुसरी इंजिनं लावून पाहिली. शेवटी 1954 मध्ये त्यांनी रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन बसवलं. म्हणजे स्पिटफायरच्या घरातलंच!

मर्लिन बसवल्यावर विमानाच्या नाकाखाली असा काही फुगवटा आला, की लोकांना छाती फुगवून चालणारं कबुतर आठवलं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'बुचोन'. सेव्हिलकडे त्या जातीच्या कबुतराला असंच म्हणतात.

एक वर्तुळही यात पुरं झालं. 1935 मध्ये पहिलं मेसरश्मिट 109 आकाशात गेलं, तेव्हा ठरलेलं जर्मन इंजिन वेळेत तयार झालं नव्हतं. मग त्या नमुन्याला कोणतं इंजिन लावलं? रोल्स-रॉइसचं केस्ट्रेल. या विमानाचा जन्म इंग्रजी इंजिनावर झाला आणि 1965 मध्ये स्पॅनिश हवाई दलातून ते निवृत्त झालं तेही इंग्रजी इंजिनावरच. जर्मन बॉम्बफेकी 'हाइंकेल' म्हणून पडद्यावर दिसतात तीही स्पेनमध्ये बनलेली, मर्लिनवाली. थोडक्यात, 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधल्या हवाई लढायांत दोन्ही बाजूंच्या लढाऊ विमानांना रोल्स-रॉइसचीच ताकद होती. रोल्स-रॉइस कधी हरणारच नाही, अशी ती लढाई!

जगातलं पस्तिसाव्या क्रमांकाचं हवाई दल

या सिनेमासाठी विमानं गोळा करायचं काम हॅमिश महाडी या माजी वैमानिकाकडे होतं. आडनाव वाचून कोकणाकडे पाहू नका, गृहस्थ स्कॉटलंडचे. त्यांनी ब्रिटनभर हिंडून 27 स्पिटफायर शोधली आणि त्यांतली 12 उडण्याजोगी केली. हरिकेन मात्र उडणारी तीनच मिळाली. स्पॅनिश हवाई दलाकडे बुचोन आणि 'हाइंकेल' यांचा ताफाच सापडला. हा सगळा जामानिमा एवढा वाढला, की जगातलं पस्तिसाव्या क्रमांकाचं हवाई दल एका सिनेकंपनीकडे आहे असं लोक म्हणू लागले.

चित्रीकरणासाठी एक जुनं बी-25 बॉम्बफेकी विमान वापरलं. हवेत कॅमेऱ्याचं विमान कुठे आहे ते वैमानिकांना पटकन दिसावं म्हणून त्याला इतके भडक रंग फासले, की त्याचं नावच 'सायकेडेलिक मॉन्स्टर' पडलं. आणि सल्लागार कोण? एका बाजूला ब्रिटिश लढवय्या रॉबर्ट स्टॅनफर्ड टक, दुसऱ्या बाजूला जर्मन लढवय्या अडॉल्फ गॅलंड. पंचवीसेक वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे दोघं आता एकाच निर्मात्याच्या पगारावर.

टाकीतल्या पेट्रोलवर नफा

विमानांचा साठा करून तो विकणाऱ्यांमध्ये सर्वांत चलाख कोण, असं विचाराल तर माझं मत पॉल मँट्झला. हा हॉलिवूडचा कसरतवाला वैमानिक. 1946 मध्ये अमेरिकी सरकार युद्धातली शिल्लक विमानं किलोच्या भावानं काढत होतं. ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला उभी असलेली 475 विमानं मँट्झनं 55 हजार डॉलरच्या आसपास रकमेत उचलली. सरासरी काढली तर विमानामागे 120 डॉलरसुद्धा पडत नाहीत. यांतल्याच एका जातीच्या, बी-17 च्या, नव्या विमानाला सरकारनं दोन लाखांवर डॉलर मोजले होते.

मग त्यानं टाक्या तपासल्या. बऱ्याच विमानांत इंधन तसंच होतं. ते विकूनच खरेदीची रक्कम वसूल झाली म्हणतात. डझनभर विमानं स्वतःकडे ठेवून उरलेली त्यानं भंगारात काढली. भंगारात गेलेल्यांत बी-24 लिबरेटर ढिगानं होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुण्याशी गाठ आहे.

ठेवलेल्यांपैकी मस्टँग जातीच्या लढाऊ विमानांवर मँट्झनं 1946, 1947 आणि 1948 अशी सलग तीन वर्षं बेंडिक्स हवाई शर्यत जिंकली. त्यांतलं एक विमान पुढे चार्ल्स ब्लेअर या वैमानिकानं घेतलं आणि 1951 मध्ये नॉर्वेहून उत्तर ध्रुवावरून अलास्काला एकट्यानं नेलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मँट्झ मात्र 1965 मध्ये 'द फ्लाइट ऑफ द फिनिक्स'च्या चित्रीकरणात विमान कोसळून गेला.

परसातला बॉम्बफेकी

मँट्झच्या अगदी उलट वॉल्टर सोप्लाटा. ओहायो राज्यातल्या न्यूबरीचा सुतार. पैसा बेताचा, वेड अमर्याद. भंगारात तोडली जाणारी युद्धविमानं तो मिळेल त्या किमतीला विकत घ्यायचा, तुकडे करून घरगुती ट्रेलरवर लादायचा आणि परसात आणून टाकायचा. बी-36 या अवाढव्य अणुबॉम्बरच्या सुरुवातीच्या नमुन्याचे अवशेषही त्यानं तुकड्या-तुकड्यांनी घरी आणले. झाडं वाढत गेली, विमानं त्यांत बुडत गेली. तो सहसा विकायचाही नाही आणि दुरुस्तही करायचा नाही. 2010 मध्ये तो वारला.

त्याच्या या 'उकिरड्या'तून एक्सपी-82 'ट्विन मस्टँग' निघालं. दोन मस्टँग एका पंखानं जोडल्यासारखं दिसणारं हे विमान टॉम रायली या दुरुस्तीबहाद्दरानं जॉर्जियात वर्षानुवर्षं खपून उभं केलं. 31 डिसेंबर 2018 रोजी त्याला धावपट्टीवर नुसतं वेगानं पळवून पाहायचं ठरलं होतं. पण विमानाला काही दम निघेना, ते सरळ हवेतच गेलं. 69 वर्षांनी! सोप्लाटाला वेडा म्हणणाऱ्यांनी त्याआधी किती ट्विन मस्टँग वाचवली होती, हे विचारायला हरकत नाही.

स्पिटफायर विका, वाघ वाचवा

मे 1940 मध्ये पी9374 क्रमांकाचं एक स्पिटफायर फ्रान्समध्ये कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरलं आणि वाळूत गडप झालं. तोवर त्याचं एकूण उड्डाण जेमतेम 32 तासांचं. 1980 मध्ये वाळूनं ते परत केलं. पुढे अमेरिकी धनिक टॉमस कॅप्लन यांनी ते पुन्हा उडतं केलं आणि 2015 मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये त्याचा लिलाव झाला. बोली गेली 31 लाख पौंडांपर्यंत. पैसे गेले ब्रिटिश हवाई दलाच्या कल्याण निधीला आणि वाघ-बिबट्यांसाठी काम करणाऱ्या पँथेरा या संस्थेला. लढाऊ विमानाला याहून चांगली निवृत्ती माझ्या माहितीत नाही.

लोभ फार झाला की काय होतं तेही पाहा. ब्रह्मदेशात खोक्यांत बंद केलेली कोरी स्पिटफायर इंग्रजांनी पुरून ठेवलीत, या अफवेमागे लिंकनशायरचा एक शेतकरी वर्षानुवर्षं लागला होता. 2013 मध्ये रंगून विमानतळावर रीतसर खोदाई झाली. हाती चिखल लागला.

आणि आपलं काय?

ब्रह्मदेशात जमिनीखाली काही नव्हतं, पण भारतात उघड्यावर होतं. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्मंड हेडन-बेली या ब्रिटिश वैमानिकानं भारतातून आठ जुनी स्पिटफायर मिळवली. मात्र आपला खरा खजिना आहे लिबरेटरांचा.

युद्ध संपलं तेव्हा कानपूरला ढीगभर लिबरेटर पडून होती. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारानं आलेली, त्यामुळे कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी त्यांची यथेच्छ मोडतोड केली. उपकरणं ठेचली, इंजिनांत वाळू ओतली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बफेकी हवी होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे तंत्रज्ञ कानपूरला पोचले. एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावून विमानं जेमतेम उडतील एवढी सावरली, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरपर्यंत नेण्याचं धाडस केलं. तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास लिबरेटर सेवेत आली. आपल्या हवाई दलाच्या पाचव्या आणि सहाव्या स्क्वाड्रननं ती उडवली. सहाव्या स्क्वाड्रनचं ठाणं होतं पुणे. मँट्झनं स्टिलवॉटरची लिबरेटर वितळवली त्यालाही दोन दशकं उलटली, तरी लोहगावच्या धावपट्टीवरून ती उडत होती. 1968 मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा लिबरेटर वापरणारं जगात दुसरं हवाई दल उरलं नव्हतं.

मग परदेशी संग्रहालयांची रांग लागली. कॅनडाला एक विमान हवं होतं, 1968 मध्ये ते पुण्याहून उडत गेलं. बदल्यात कॅनडानं आपल्याला लायसँडर जातीचं विमान दिलं. चक्क साटंलोटं! 1969 मध्ये एक लिबरेटर उडत अ‍ॅरिझोनाच्या पिमा संग्रहालयाकडे गेलं. 1974 मध्ये एक लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयासाठी रवाना झालं. फ्लोरिडातल्या कर्मिट वीक्स या संग्राहकाकडचं लिबरेटर आपलंच, आणि कॉलिंग्ज फाउंडेशनचं, जे 1989 पासून अमेरिकाभर लोकांना घेऊन उडत होतं, तेही आपण टाकून दिलेलं. जगात धड उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी जवळपास निम्मी भारतीय हवाई दलाची आहेत. अमेरिकेनं अशी 18 हजारांवर विमानं बांधली होती. ती भंगारात घालायची त्यांना घाई झाली आणि आपल्याकडे गरिबीनं ती वाचवली.

कॉनीच्या सहांपैकी दोन आसनांचं बुचोन दुरुस्त होऊन आता इंग्लंडमध्ये उडतं. मागच्या सीटवर बसायचं तर खिशात भरपूर पौंड हवेत. तेवढे नसतील तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जा. तिथे आपलं एक लिबरेटर आहे आणि त्याच्या भावंडाच्या बदल्यात आलेलं लायसँडरही. दोन्ही पाहा, आणि बरोबर मुलं असतील तर कानपूरच्या वाळू भरलेल्या इंजिनांची गोष्ट त्यांना तिथेच सांगा.